‘जिंजरली’चं मूळ

सोमवार, ५ फेब्रुवारी

जानेवारी कोरा गेला. रोज काहीतरी लिहायचं असा बेत होता, पण रोज काहीतरी घडायलाही हवं ना. आज घडलं, आणि ते घरी सांगायची इच्छा नाही, म्हणून इथे.

आमच्या इंग्रजी–मराठी कोशातून व्युत्पत्तीचा रकाना काढून टाकणार आहेत. शब्द राहील, उच्चार राहील, अर्थ राहील, वापराचं एक वाक्य राहील. तो शब्द कुठून आला, कुणाच्या पोटचा, वाटेत काय काय सोसत इथवर पोचला, तेवढं गाळायचं. म्हणजे मला गाळायचं. नोकरीला लागल्यापासून मी दुसरं काही केलेलंच नाही.

मुख्य संपादकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना ‘पूर्णविराम’ म्हणतो, कारण ते खोलीत आले की चर्चा संपते. म्हणाले, ‘बाई, लोकांना अर्थ हवा असतो, मूळ कोण विचारतंय? आणि तुमच्या रकान्यात दर दोन ओळींनी बहुधा आणि कदाचित. माणूस कोश उघडतो तो खात्री करून घ्यायला. शंका त्याच्या घरी भरपूर असतात.’

सगळे हसले. बहुतेक मीही हसले. आता ‘जी’ अक्षराचा खंड तेवढा माझ्या रकान्यासकट निघेल, पुढे बंद. त्यातलेही थोडेच शब्द माझ्या टेबलावर उरलेत. वरचाच ‘जिंजरली’.

आमच्याकडे व्युत्पत्तीला चार पायऱ्या आहेत. कागदोपत्री पुरावा असेल तर ‘निश्चित’. पुराव्याची साखळी एका जागी तुटत असेल तर ‘बहुधा’. नुसताच अंदाज, पण शहाण्या माणसाचा अंदाज असेल, तर ‘कदाचित’. आणि काहीच हाती लागलं नाही तर ‘मूळ अज्ञात’. या चार शब्दांशी मी कधी बेइमानी केली नाही. कचेरीत नाही आणि घरीही नाही.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आमची खार आली. खार म्हणजे आमची लेक. लहानपणी घास गालात साठवून घरभर हिंडायची म्हणून हे नाव पडलं, ते तिशी उलटली तरी सुटलेलं नाही. दोन मोठ्या बॅगा घेऊन आली. दोन्ही ह्यांनी उचलल्या. ह्यांची कंबर एरवी दुधाची पिशवी उचलायलाही तयार नसते, आणि आज दोन बॅगा!

‘किती दिवस आहेस?’ मी विचारलं.

‘आल्या आल्या हेच?’

‘अगं, सहज विचारलं.’

‘आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे, आई. चार मजले चढायचा कंटाळा येतो. तुमचं आपलं तळमजल्यावर, बरं.’

लिफ्ट बंद पडली म्हणून कुणी माहेरी येतं का? जावई कामासाठी परगावी आहेत म्हणे, अजून बरेच दिवस. पाणी कुठेतरी मुरतंय.

तिचं बाळ गेलं त्याला दोन वर्षं होतील. सहावा महिना होता. तेव्हापासून ती माझ्याशी बोलते, पण पाहुण्यांशी बोलावं तशी. का, ते मला अजून उमगलेलं नाही. मी वावगं काहीच बोलले नव्हते. उलट त्या दिवसांत बाकीचे सगळे तिला थापा मारत होते. ‘काही होत नाही गं, सगळं छान होणार.’ तिचे बाबासुद्धा त्यातच. दुखायला लागलं त्या सकाळी तिनं माझा हात घट्ट धरून विचारलं, ‘आई, बाळ नीट होईल ना गं?’ मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, ‘बहुधा.’ डॉक्टरांनीही त्याहून जास्त काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. निदान माझ्या शब्दानं तिची फसवणूक झाली नाही, एवढं समाधान मला आहे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

दिवसभर ‘जिंजरली’. जपून, बेतानं, एकेक पाऊल चाचपत, असा अर्थ. ‘जिंजर’ म्हणजे आलं, त्यामुळे ज्याला त्याला वाटतं की हा शब्द आल्याच्या घरचा. शेजारच्या टेबलावर उच्चारांचं काम करणारे गृहस्थ बसतात, त्यांना तर खात्रीच आहे.

‘सोपं आहे, बाई. पूर्वी घोडे विकणारे घोड्याच्या शेपटीखाली आल्याचा तुकडा ठेवायचे. घोडा तरतरीत दिसावा म्हणून. आता सांगा, तो घोडा कसा चालेल? जपूनच!’

‘तो घोडा उधळेल,’ मी म्हटलं. ‘जपून चालावं लागेल ते त्याच्या मागे उभं राहणाऱ्याला.’

ते आपले मान डोलावत उच्चारांकडे वळले. हा शब्द आल्याच्या घरचा नाही. आल्यानं त्याचं रूप फक्त ओढून आपल्यासारखं करून घेतलं असेल. जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी तो इंग्रजीत दिसतो तो नाचणाऱ्यांच्या पावलांसाठी. लहान, डौलदार, जरा नखरेल पावलं. भीतीचा मागमूस नाही. पुढे डौल गळत गेला आणि धास्ती तेवढी राहिली. शब्दांचंही असं होतं. नाचत येतात आणि भिंतीला धरून चालायला लागतात.

त्याच्या मागे जुन्या फ्रेंचमधला ‘अधिक नाजूक’ अशा अर्थाचा शब्द असावा. त्याच्याही मागे लॅटिन ‘गेनितुस’. म्हणजे जन्मलेला, चांगल्या घरात जन्मलेला, म्हणून नाजूक, म्हणून जपून. आपला ‘जन्म’ आणि तो ‘गेनितुस’ मुळात एकाच घरातले. निसरड्या फरशीवरून चालणाऱ्या माणसासाठी आपण जो शब्द वापरतो, त्याच्या पोटात जन्म आहे, हे वाचून मी पेन खाली ठेवलं.

पण फ्रेंच आणि इंग्रजी यांच्या मध्ये एक कडी हाती लागत नाही. म्हणून लिहिलं: बहुधा.

बुधवार, २१ फेब्रुवारी

घरात माझा अपमान चाललाय. बाहेरच्या खोलीतला गालिचा ह्यांनी गुंडाळून माळ्यावर टाकला. न्हाणीघरात रबराची चटई आली. दाराच्या तीन पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवून घेतला. मी अजून साठीलाही पोचले नाही, आणि हे मला म्हातारी ठरवून मोकळे. मी म्हटलं तसं, तर म्हणाले, ‘अगं, सगळ्यांच्याच सोयीचं आहे.’ आणि लेकीकडे पाहिलं. तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

काल दोघं सकाळी लवकर बँकेत म्हणून गेले ते संध्याकाळी परतले. ती आली ती तडक पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. ह्यांनी तिला दूध गरम करून नेऊन दिलं. बँकेत इतकं दमतं का कुणी?

‘रांग होती,’ हे म्हणाले.

ह्यांना खोटं बोलता येत नाही. आयुष्यभर दुकानादुकानांतून वजनकाटे तपासत हिंडले. काटा जरा इकडचा तिकडे झाला की तो ह्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. आज तर पार एका बाजूला कलला होता. मी आत गेले की दोघं बोलायचं थांबतात. मग हे पाणी प्यायला उठतात. दिवसभरात किती पाणी पिणार हा माणूस?

सोमवार, ४ मार्च

आमच्या घरात एक जुना खेळ आहे. कोशात प्रत्येक शब्दापुढे वापराचं एक वाक्य लागतं, आणि सुचलं नाही की मी जेवताना घरच्यांकडे मागते. खार लहान असताना वाक्यांचा पाऊस पाडायची. आमच्या त्या चार पायऱ्याही तिनं तेव्हाच उचलल्या. ‘अभ्यास झाला का?’ तर ‘कदाचित.’ ‘फुलदाणी कुणी फोडली?’ तर ‘मूळ अज्ञात.’ बाबा हसून लोटपोट व्हायचे.

आज म्हटलं, बऱ्याच वर्षांनी खेळून बघू. घरात जरा हवा खेळेल. म्हटलं, ‘कुणीतरी फार जपून चाललंय, असं वाक्य हवंय.’

दोघांचेही हात ताटावर थांबले.

‘आपण सगळेच की,’ हे म्हणाले, आणि ओशाळून हसले.

‘ते वाक्य नाही झालं, अहो. नाम, क्रियापद, नीट द्या.’

खार पेल्यातल्या पाण्याकडे बघत हळू म्हणाली, ‘ती पायऱ्या जपून उतरली, कारण...’

आणि थांबली.

‘कारण नको,’ मी म्हटलं. ‘वाक्य आखूड हवं. जागा नसते आम्हाला.’

ती उठून आत गेली. मागोमाग हे. मी ताटं उचलली. वाक्य चांगलं होतं, कारण गाळून वापरलं.

शुक्रवार, १५ मार्च

माझ्यापाशी आता पुरावा पुरेसा जमलाय. एक, ती अंगठी घालत नाही. दोन, स्वतःचे कपडे धड आणले नाहीत, दिवसभर बाबांचे ढगळ सदरे घालून असते, म्हणजे घाईघाईनं निघाली. तीन, कधी उपाशी, कधी आडवेळी कपाट उघडून उभ्या उभ्या खाते, कधी रडते. चार, बँक. बँक म्हणजे वकील. माझ्या लेकीचा संसार मोडतोय आणि मला कुणी सांगत नाही.

दुपारी कचेरीतून जावईबापूंना फोन केला.

‘मला सगळं माहीत आहे,’ मी म्हटलं.

‘तिनं सांगितलं?’ त्यांनी विचारलं.

‘मला सांगावं लागत नाही. डोळे आहेत मला.’

‘आई, मग... तुम्हाला राग नाही ना आला?’

‘राग येणार नाही तर काय? एवढी मोठी गोष्ट, आणि आईला अंधारात ठेवायचं?’

‘तिचंच म्हणणं होतं. सगळं पार पडेपर्यंत नको म्हणाली.’

पार पडेपर्यंत! म्हणजे सह्या होईपर्यंत. मी विचारलं, ‘आता मागे फिरणं नाहीच का?’

आणि ते हसले. ‘आता कसलं मागे फिरणं, आई!’ म्हणाले. हसताना आवाज ओला होता, पण हसले. सहा वर्षांचा संसार, एक गेलेलं लेकरू, आणि हा माणूस हसतोय. मी फोन ठेवला. मग प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तर उच्चारवाले विचारतात, ‘बाई, सर्दी?’

बुधवार, २७ मार्च

काही उरलेलं नाही, असं वाटतं. सकाळी उठते, आवरते, कचेरीत जाते, पण जणू कुणा दुसऱ्या बाईची कामं उरकत असते. लेकीला काही विचारायला जावं तर ती आधीच इतक्या मवाळ आवाजात ‘काही नाही गं’ म्हणते की प्रश्न घशातच राहतो. माझ्याच घरात माझ्याशी सगळे जिंजरली वागतायत. मी काय फुटणार आहे?

आज पूर्णविरामांनी बोलावलं. म्हणाले, ‘मंडळाशी बोललो. रकाना वाचू शकतो. पण शंका काढायच्या. एक नमुना द्या, ही तुमची जिंजरलीचीच द्या. त्यातलं बहुधा काढा, बघा कशी खणखणीत नोंद होते.’

‘ते खरं नाही होणार.’

‘खोटं तरी होईल का?’

‘माहीत नाही.’

‘मग झालं तर,’ असं म्हणून ते उठले.

जागेवर येऊन मी ती नोंद उघडली. दुसरा कुठला दिवस असता तर राजीनामा लिहिला असता. आज वाटलं, पक्कं असं आयुष्यात काहीच राहिलं नाही, कागदावर तरी असू दे. ‘बहुधा’वर रेघ मारली. ‘लॅटिन गेनितुस, जन्मलेला, यावरून.’ पूर्णविराम.

उच्चारवाल्यांनी मान लांब करून पाहिलं. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. ते म्हणाले, ‘बाई, तुम्ही काढलात तो शब्द? तुम्ही?’ आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

रेघ अगदी सरळ आली. याचंच वाईट वाटलं.

बुधवार, १० एप्रिल

काल सकाळी मी निघायच्या तयारीत होते. न्हाणीघरातून तिची हाक आली. ‘बाबा!’ मी दाराशी उभी होते, दोन पावलांवर. पण हाक ‘बाबा’ अशी आली.

हे धावले. कंबर विसरून धावले. आतून म्हणाले, ‘अगं, गाडी बोलाव, लवकर!’ मी आत डोकावले. ती भिंतीला टेकून उभी होती, बाबांचा सदरा मुठीत धरून, आणि सदऱ्याखाली तिचं पोट. इतके दिवस ते त्या सदऱ्याखाली माझ्यासमोर चहा पीत होतं, आणि मी वकील शोधत होते.

मी गाडी बोलावली. मला ते करता आलं. नंतरचं फारसं आठवत नाही.

दवाखान्याच्या बाकावर ह्यांनी सगळं सांगितलं. विसावा आठवडा आहे. मागच्या वेळी गर्भपिशवीचं तोंड आधीच उघडलं होतं, म्हणून या वेळी टाका घातला. ती ‘बँक’ म्हणजे तो टाका. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असं सांगितलं होतं. त्यांची लिफ्ट ठणठणीत आहे, पण वीज गेली की चार मजले. म्हणून इथे आली. बोटं सुजतात म्हणून अंगठी काढली.

‘मला का नाही सांगितलं?’ मी विचारलं.

ह्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. काटा या बाजूला, त्या बाजूला, मग स्थिर झाला.

‘मी पहिल्या दिवशीच म्हटलं तिला, आईला सांगू. ती म्हणाली, नको बाबा. आईला कळलं की मी विचारल्याशिवाय राहणार नाही. आणि मी विचारलं की ती बहुधा म्हणणार. मला तो शब्द परत ऐकायचा नाही.’

‘पण मी खरं सांगितलं होतं हो.’

‘हो गं. खरंच होतं ते.’ त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘पण ती काय कोश उघडून बसली होती?’

दोन वर्षं ज्या शब्दाचं मला समाधान होतं, तो घेऊन माझी लेक दोन वर्षं झोपत होती आणि उठत होती. आणि हे सगळ्यांना माहीत होतं. ह्यांना, जावयांना, कदाचित शेजाऱ्यांनाही. पाचशे वर्षांपूर्वीची कडी कुठे निखळली ते मला सांगता येतं. समोर बसलेल्या पोरीचं मला काहीही कळलं नाही. मला मरून जावंसं वाटलं. खरंच वाटलं, म्हणून लिहिते आहे.

जावई दुपारी पोचले. मला बघून आधी त्यांनीच माझे खांदे धरले. ‘आई, तुम्ही फोन केलात तेव्हा मला वाटलं तुम्हाला कळलंय. किती हलकं वाटलं होतं मला!’ मी त्यांना हसण्याबद्दल मनातल्या मनात काय काय बोलले होते, ते आता कुणाला सांगू?

शुक्रवार, १२ एप्रिल

कचेरीत कळवलंय की येत नाही. पूर्णविराम फोनवर म्हणाले, नमुना मंडळाला फार आवडला, रकाना राहणार. मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. मग आठवलं की आभार मानायचे असतात.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. जावई औषधं आणायला गेले होते, हे चहा आणायला, मी एकटीच होते. त्या म्हणाल्या, ‘टाका धरत नाहीये. पाणी थोडं थोडं जातंय. बाळ अजून महिनाभर तरी आत राहिलं, तर मला काहीतरी करता येईल. त्याआधी नाही.’

‘राहील?’

‘राहिलेली पाहिलीत मी. फार नाही.’

चांगली बाई. पुराव्यापलीकडे एक अक्षर बोलली नाही. मला तिचा भयंकर राग आला. अशा माणसाचा राग मला आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि तो येताना मी दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी पलंगावर कोण होतं आणि शेजारी कोण उभं होतं, ते पाहिलं.

खोलीत नुकतीच फरशी पुसलेली होती. पलंगाची पायाकडची बाजू लाकडी ठोकळ्यांवर उचललेली, डोकं खाली, त्यामुळे खार मला उलटी बघत होती. मी चपला हातात घेतल्या आणि ओल्या फरशीवरून कडेकडेनं, भिंतीला बोटं लावत निघाले.

‘कशी चालतेस बघ,’ ती म्हणाली. ‘घे तुझ्या शब्दाला वाक्य.’

‘वाक्य दिलंयस तू. तेच घेतलंय.’

‘ते अर्धंच होतं.’

‘हो,’ मी म्हटलं. ‘कारण मीच गाळलं.’

मी स्टुलावर बसले. ती छताकडे बघत राहिली. गालात काहीतरी साठवून ठेवलेलं असल्यासारखं तिचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, लहानपणी असायचं तसं. मग उघडलं.

‘आई, बाळ नीट होईल ना गं?’

तोच प्रश्न. तेच शब्द. फक्त या वेळी तिनं माझा हात धरला नव्हता. मी तिचा धरला आणि म्हटलं, ‘हो. नक्की.’

कसं म्हटलं माहीत नाही. खणखणीत म्हटलं. हेच तिला तेव्हा हवं होतं, हेच सगळं जग एकमेकांना देतं, मीच तेवढं दिलं नव्हतं. आता दिलं.

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि डोकं खाली असल्यामुळे ते गालांवर न येता कपाळाकडे, केसांत गेलं.

‘इतकं वाईट आहे का?’ ती म्हणाली.

‘अगं, मी नक्की म्हटलं!’

‘तू नक्की कधी म्हणतेस, आई? मी पहिली आले होते तेव्हा शाळेतून पळत येऊन सांगितलं तुला, तर तू गुणपत्रक हातात येईपर्यंत बहुधा म्हणत होतीस.’ ती रडता रडता हसली. मग हसणं थांबलं. ‘बाबा नक्की म्हणतात. हा नक्की म्हणतो. नर्स नक्की म्हणते. काल रात्रीपासून मी नुसतं नक्की ऐकतेय आणि मला काही कळत नाहीये. तू तरी नको ना गं. डॉक्टर काय म्हणाल्या ते तुझ्या पद्धतीनं सांग.’

मी मनातल्या मनात त्या चार पायऱ्यांवर उभी राहिले. निश्चित तर नाहीच. बहुधा म्हणायला साखळी एकाच जागी तुटलेली लागते, इथे ती जागोजागी उसवत होती. शेवटच्या पायरीवर मला जायचं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पाहिलीत मी. शहाण्या माणसाचा शब्द होता.

‘कदाचित,’ मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले. छाती एकदा वर गेली आणि खाली आली.

‘अज्ञात नाही ना?’

‘नाही. तेवढं नाही.’

‘मग कदाचित चालेल मला,’ ती म्हणाली. माझा हात तिनं उचलला आणि सदऱ्याखाली पोटावर ठेवला. ‘जपून ठेव. दाबू नकोस.’

मी जपून ठेवला. आत कुणीतरी होतं, किंवा माझ्याच बोटांतली नाडी असेल, नक्की सांगता येत नाही. दारात हे थर्मास घेऊन आले होते. आम्हाला बघून ते आत आले नाहीत, तिथेच उभे राहिले, आणि चहा निवत गेला.